आभाळ विचारणारे सुपडूनाना

पाऊस लागला की लोकांना कांदाभजी आठवतात. मला सुपडूनाना आठवतात. घरात सगळे आहेत ना, कुणी बाहेर गेलंय का, गेलं असेल तर कुठल्या रस्त्याने, असले प्रश्न एकामागून एक उभे राहतात. बायको म्हणते, हा तुमचा स्वभाव. माझा नाही. नानांच्या शेजारी टेबल लावून काही वर्षं काढली, त्याचा हा संसर्ग आहे.

धुळ्याला आग्रा रोडवर आमची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. आमची म्हणजे शेठची. मी तिथे बिलं करायचो. पत्र्याची लांब शेड, पुढे गाड्या उभ्या करायचं मैदान, फाटकाशी कडुनिंब आणि त्याच्या सावलीत चहाची टपरी. दोंडाईच्याची मिरची, शिरपूरकडच्या रुईच्या गाठी, जळगावकडची केळी असा माल भरून आमच्या गाड्या इंदूरला आणि तिथून आणखी वर जायच्या. कुठली गाडी कधी निघायची आणि तिच्यावर कोण ड्रायव्हर बसायचा, हे सुपडूनाना ठरवायचे. त्यांच्या हुद्द्याला काय म्हणायचं ते शेठलाही धड माहीत नसावं. ड्रायव्हर लोक नुसतं ‘नाना’ म्हणायचे आणि तेवढ्याने काम भागायचं.

नाना सडपातळ, उभट चेहऱ्याचे. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर रुमाल आणि बाराही महिने छत्री. देवपुरात राहायचे आणि सायकलने यायचे, पण पांझरेचा पूल आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. मी एकदा विचारलं, “नाना, पुलावर का उतरता?”

“पुलाचा काय भरवसा?” ते म्हणाले.

“पण चालताना पडला तर?”

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही शक्यता आजवर त्यांच्या डोक्यातच आली नव्हती आणि ती घालून मी त्यांचं मोठं नुकसान केलं होतं. पुढे बरेच दिवस ते पूल जवळजवळ पळत ओलांडायचे.

असा माणूस ट्रकच्या धंद्यात कसा आला, देव जाणे. दुसऱ्यांच्या गाड्या उभा देश फिरायच्या आणि हे स्वतः कधी ट्रकच्या केबिनमध्ये चढलेले कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाकार्याला जायचं तर एसटीने, आणि तेही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, त्याला डुलकी लागते का ते बघत.

नानांच्या खुर्चीमागे एक फळी ठोकलेली होती आणि तिच्यावरच्या खिळ्यांना गाड्यांच्या चाव्या टांगलेल्या असायच्या. दुसऱ्या कंपन्यांत चाव्या ड्रायव्हरच्या खिशात. आमच्याकडे गाडी आली की चावी नानांकडे द्यायची आणि निघताना त्यांच्याच हातून घ्यायची. माल भरून झाला, ताडपत्री बांधली, दोर आवळले, कागद तयार झाले, तरी नाना चावी लगेच देत नसत. आधी बाहेर जाऊन कडुनिंबापलीकडे उभे राहायचे. कपाळावर हात धरून शिरपूरच्या दिशेने बघायचे, मग डावीकडे वळून साक्रीकडे. मग आत येऊन चावी काढायची, रुमालाने पुसायची आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवत म्हणायचं, “निंघ.” तेवढा एकच शब्द. तो मिळाला की ड्रायव्हर देवदर्शन झाल्यासारखा निघायचा.

आणि बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न असायचा, “आभाय कसं व्हतं?” माल पोचला का, टायर कसे आहेत, हे सगळं नंतर. आधी आभाळ. कुठे भरून आलं होतं, वारा कुठला, पळासनेरच्या पुढचा घाट ओला की कोरडा, एवढं सांगून झाल्यावरच पाण्याचा तांब्या पुढे यायचा. इंदूरचे हिंदी बोलणारे ड्रायव्हरसुद्धा इतके सरावले होते की गाडीतून पाय खाली टाकता टाकताच सांगायचे, “नाना, सेंधवा तक साफ है.”

टेबलावर एक जुना रेडिओ होता. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगायचे, तेव्हा ऑफिसात टाचणी पडलेली चालत नसे. ‘आकाश अंशतः ढगाळ राहील’ म्हटलं की नाना रेडिओवर डाफरायचे, “अंशतः म्हंजे किती? कुठे? शिरपूरले का चोपड्याले?” रेडिओ पुढची बातमी सांगायचा आणि नाना आमच्याकडे बघायचे, जणू ते हवामान आम्हीच गुळमुळीत सांगितलं होतं.

आता कुणाला वाटेल, नानांना आभाळातलं फार कळत असणार. छे! त्यांचे अंदाज हमखास चुकायचे. एकदा वैशाखात दुपारी थोडं अंधारून आलं. नानांनी गाठी भरलेल्या सगळ्या गाड्या अडवून धरल्या. तासाभरात ऊन पडलं, ते असं की पत्र्यावर पापड भाजावेत. गाठींचा व्यापारी तणतणत आला आणि नानांची खोड मोडायची म्हणून त्यांच्या टेबलासमोर स्वतःची छत्री उघडून उभा राहिला. शेठही हसला, आम्हीही हसलो. नानांनी छत्रीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “कापड चांगलं आहे. जपून ठेवा.” गाड्या मात्र त्यांनी ऊन उतरल्यावरच सोडल्या. पाऊस नाही तर नाही, पण आता ऊन आहे ना!

उन्हाचा त्यांचा वेगळाच हिशोब होता. भर उन्हाळ्यात दुपारची गाडी काढायची नाही, व्यापारी कितीही ओरडो. “खालून इंजिनाची धग, वरून पत्रा. माणूस शिजतो आत,” म्हणायचे. थंडीत धुक्याच्या रस्त्यावर चष्मेवाल्याला पाठवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, पावसात गाडी घेऊन आलेल्या माणसाला लगेच पावसात परत धाडायचं नाही. त्याचं अंग वाळलं पाहिजे, पोरांबरोबर जेवण झालं पाहिजे. त्याच्याऐवजी घरी असलेल्याची पाळी. ह्या पाळ्या नाना मनात जुळवायचे. कुणाची बायको माहेरी आहे, कुणाच्या घराचं छप्पर गळतं आणि त्याने पाऊस पडायच्या आत घरी असायला हवं, हे त्यांना पाठ असायचं. मला वाटायचं, ह्या माणसाला स्वतःचं काही सुचत असेल का?

शेठ हे सगळं खपवून का घेत होता, ते मला दसऱ्याला कळलं. त्या धंद्यात गाडीची पूजा झाली, नारळ फुटला की ड्रायव्हर मालक बदलायचे. समोरच्या ट्रान्सपोर्टमध्ये दर दसऱ्याला नवीन तोंडं दिसायची आणि त्या नवीन तोंडांना गाडी आणि रस्ता कळेपर्यंत मालकाच्या नाकी नऊ यायचे. आमच्याकडचे ड्रायव्हर हलत नसत. गंगाराम नावाचा एक जण जास्त पगारावर समोर गेला होता. एक पावसाळा काढून तोंड पाडून परत आला. शेठने विचारलं, “काय रे, पगार देत नव्हते?”

गंगाराम म्हणाला, “पगार बरा शे तठे. पन गाडी कव्हय निंघनी, कव्हय उनी, कोनी ईचारस नही.”

गाडी कधी निघाली, कधी आली, कोणी विचारत नाही. एवढ्यासाठी माणूस पगार सोडून आला. शेठने त्या दिवशी नानांसाठी खास चहा मागवला, आणि आपण असं काय केलं हे न कळल्यामुळे नाना तो चहासुद्धा धास्तावूनच प्यायले.

पण माणसाचं अंग किती दिवस एवढी काळजी वाहणार? एका पावसाळ्यात नानांना ऑफिसातच चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या आणि बजावलं, काळजी करायची नाही. नाना मला म्हणाले, “मधू, काळजी करायची नाही तर मग मी इथे येऊन करू काय?”

ते ऐकून मला हसू आलं. ड्रायव्हरांना आलं नाही. टपरीवर त्यांची बैठक बसली. उत्तम म्हणून एक तरणा, बोलका ड्रायव्हर होता, नानांचा लाडका. तो म्हणाला, “आजपाईन नानाले कोनी वाईट सांगानं नही. त्यास्ना जीव जाई कायजी करी करी.” सगळ्यांनी मान डोलावली. नानांना वाईट काही सांगायचं नाही, असं ठरलं. त्या दिवसापासून आभाळ कसं होतं म्हटलं की एकच उत्तर, मोकळं. घाट कोरडा, वारा शांत. नानांचा चेहरा उजळला. दोन घास जास्त जेवायला लागले. ‘यंदा पाऊस शहाण्यासारखा पडतोय’ असं म्हणाले, तेव्हा टपरीवर सगळे एकमेकांकडे बघून खूश झाले. प्रेमाने केलेलं कारस्थान ते! त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग तो दिवस आला. सकाळी उत्तम इंदूरहून गाडी घेऊन आला. घाटात रात्रभर पाऊस कोसळला होता, वरून दगडमाती रस्त्यावर आली होती, तो स्वतः जीव मुठीत धरून उतरला होता. नानांनी विचारलं, “आभाय कसं व्हतं?”

“बठ्ठं मोकयं शे, नाना,” उत्तम म्हणाला. “घाट कोरडा ठाक.”

धुळ्यात तेव्हा खरंच ऊन होतं. भिका नावाच्या ड्रायव्हरची गाडी गाठी भरून तयार होती. भिका आमच्याकडचा जुना माणूस; टपरीवर बैठक झाली तेव्हा तो रजेवर होता, नुकताच कामावर आला होता आणि तो बेत त्याच्या कानावर गेला नव्हता. नानांनी चावी पुसली, त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “निंघ.” उत्तमला वाटलं, भिका मुरलेला आहे, पाऊस दिसला की पायथ्याशी थांबेल. तो घरी जाऊन झोपला.

दुपार कलल्यावर दुसऱ्या एका कंपनीचा इंदूरवाला ड्रायव्हर पत्ता विचारत आत आला. त्याला आमच्या टपरीवरचा बेत कुठून माहीत असणार? नानांनी सवयीने विचारलं आणि त्याने सवयीने खरं सांगितलं. “घाट? घाट का हाल मत पूछो, चाचा. सड़क की किनार धंस रही है. मैं तो भगवान का नाम लेके उतरा.”

नाना उभे राहिले. खाली बसले. परत उभे राहिले. “सकाळपासून?” त्यांनी विचारलं.

“कल रात से.”

त्यांनी शिरपूरच्या पेट्रोल पंपाला ट्रंक कॉल लावायला सांगितलं. लाइन बंद. पुन्हा लावला. मी फोन कानाला धरून बसलो आणि नाना माझ्या तोंडाकडे बघत उभे. माझ्या आयुष्यात मी इतक्या आशेने माझ्याकडे बघणारं कुणी पाहिलं नाही आणि मी पुन्हा पुन्हा तोच नंबर मागत होतो. शेवटी त्यांनी उत्तमला बोलावणं धाडलं. तो डोळे चोळत आला, नानांचा चेहरा बघितला आणि काही न विचारताच रडायला लागला. टपरीवरचं सगळं त्याने सांगून टाकलं. मला वाटलं, नाना त्याच्या थोबाडीत देतील. त्यांनी फळीवरची एक चावी काढली, पुसली नाही, तशीच त्याच्या हातात दिली.

“चाल,” म्हणाले. “गाडी काढ. मी येस संगे.”

ट्रकमध्ये कधी न चढलेले नाना, आम्ही दोघांनी खालून आधार दिला तेव्हा केबिनमध्ये चढले. छत्री ऑफिसातच राहिली.

पुढचं उत्तमने मला नंतर सांगितलं. वाटभर नाना समोरच्या पत्र्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. नरडाणं गाव मागे गेलं तसा पाऊस सुरू झाला. काचेवरून पाण्याचे लोट वाहायला लागले. नानांनी डोळे मिटून घेतले होते आणि प्रत्येक गाव आलं की तेवढंच विचारायचे, “खरं सांग. आते कसं शे?”

“कायंकुट्ट शे, नाना.”

“पानी?”

“पानी भी शे. मोठं शे.”

उत्तम म्हणाला, “मधूभाऊ, खरं बोलताना माझी जीभ इतकी जड कधी झाली नव्हती.”

घाटापर्यंत जावं लागलं नाही. शिरपूरच्या दवाखान्यात भिका सापडला. चढावर रस्त्याची कड खचली होती आणि गाडी कुशीवर गेली होती. क्लीनरचं खरचटण्यावर निभावलं. भिकाचा उजवा हात केबिनखाली चेंगरला होता. नाना त्याच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. “भिका, तुले दिसनं नही का आभाय?” त्यांनी विचारलं.

भिका शुद्धीत होता. त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, साधं सांगितलं. “नाना, तुम्ही चावी दिधी. मंग मी वर कसाले दखू?”

चावी नानांनी दिली, मग तो आभाळाकडे कशाला बघेल? नाना तिथेच खाली जमिनीवर बसले.

भिकाचा हात राहिला, पण त्याच्याने पुन्हा स्टिअरिंग धरवलं नाही. नाना काही दिवस ऑफिसात आले नाहीत. आले त्या दिवशी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना कडुनिंबाखाली जमवलं. सगळे खाली मान घालून उभे. आता नाना काम सोडतात की काय, ह्या धसक्याने शेठही दारात येऊन थांबला होता.

“माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन काही सांगू नका,” नाना म्हणाले. “माले बरं नही वाटनं, तं मी घर जाईसन झोपसू. पन खरं सांगा.”

बस्, एवढंच. भाषण त्यांना येत नव्हतं. मग उत्तम पुढे झाला आणि त्याने आपल्या गाडीची चावी नानांच्या टेबलावर ठेवली. तो काम सोडायला निघाला होता. ह्या फाटकातून पुन्हा आत यायचं तोंड आपल्याला राहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. नानांनी चावी उचलली, रुमालाने सावकाश पुसली.

“तू गया तं घाटनं माले कोन सांगी?” ते म्हणाले आणि चावी खिळ्याला परत टांगून दिली.

उत्तम गेला नाही. त्या दसऱ्यालाही कुणी गेलं नाही. फरक एवढाच झाला की निघणाऱ्या ड्रायव्हरला नाना आता हाताला धरून बाहेर न्यायचे आणि त्यालाच विचारायचे, “तुले काय दिसस ते सांग.” त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय चावी नाही. भिकाला शेठने ऑफिसात ठेवून घेतलं. नानांच्या शेजारी स्टुलावर बसून तो आलेल्या माणसांना घाट विचारायचा. पण भिका मुळात बेफिकीर. अर्धं ऐकायचा, अर्ध्यात विडी शिलगावायचा. त्यामुळे नानांना आता भिकाचीही काळजी लागली.

पुढे मी जळगावला नोकरी धरली आणि धुळं सुटलं. शेठने धंदा आवरता घेतला, नाना घरी बसले. नव्वदनंतरची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, धुळ्याला काम निघालं, म्हणून संध्याकाळी देवपुरात त्यांच्याकडे डोकावलो. परत जळगावची एसटी धरायची होती. दारातच सूनबाईंनी मला थांबवलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “भाऊ, मामंजींनी विचारलं तर सगळीकडे कोरडं आहे म्हणा. पावसाचं नाव काढलं की झोपत नाहीत. डोळ्यांनीही आता दिसत नाही त्यांना.”

 त्या माउलीचा काय दोष? टपरीवरच्यांचा तरी काय होता? मायेपोटी माणसाला फसवायची ही रीत जुनीच.

नाना खाटेवर बसले होते. डोळ्यांवर पांढरट साय आलेली. माझा आवाज ओळखला, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “मधू, आभाळ कसं होतं रे वाटेत?”

सूनबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“काळं आहे, नाना,” मी म्हणालो. “पारोळ्यापासून पाऊस आहे. बोरी नदीला पाणी चढलंय. वीजही चमकते आहे.”

नानांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, चुकलं माझं. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मग आज थांब,” म्हणाले. “आज नाही सोडत तुला.” त्यांच्या आवाजात इतकी तरतरी होती की सूनबाई निमूट स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन भाकऱ्या जास्त थापायला बसल्या. जेवून मी अंथरुणावर टेकतो न टेकतो तोच नाना घोरायला लागले. झोप मलाच लागली नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

सकाळी उघडलं होतं. नाना मला हाताला धरून ओट्यावर घेऊन आले. तोंड शिरपूरकडे केलं. “तुला काय दिसतं ते सांग,” म्हणाले. मी सांगितलं. वर निळं आहे, खाली पांढरे ढग, पातळ आहेत, वारा नाही. पूर्वेला जळगावकडे मोकळं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. नकळत खांद्यावरच्या रुमालाने बोटं पुसली, जणू हातात चावी होती.

“निंघ,” म्हणाले.

मी नमस्कार करून निघालो. कोपऱ्यावर वळून पाहिलं. नाना अजून ओट्यावरच उभे होते, तोंड वर करून. सायकलवरून चाललेल्या दूधवाल्याला त्यांनी हाक मारून थांबवलं होतं आणि हाताने आभाळाकडे दाखवत त्याला काहीतरी विचारत होते. दूधवाला कपाळावर हात धरून जळगावच्या दिशेने बघत होता.

मी खरंच सांगितलं होतं. तरी त्यांनी दुसऱ्याला विचारून घेतलं, ह्याचं मला त्या सकाळी फार बरं वाटलं.